शोव्हल करताना लागलं

आधीच सांगून टाकते, मी वाढवून सांगते. माझं माहेर नागपूर. नागपूरच्या उन्हात फुटपाथवर अंडं तळता येतं असं लोक म्हणतात. मी म्हणते, आमच्याकडे मे महिन्यात कोंबडी थेट ऑम्लेटच घालते. लग्न होऊन साताऱ्याच्या घरात गेले आणि नवऱ्याच्या नोकरीमागे कॅनडात विनिपेगला आले. इथली थंडी अशी की आमचा शेजारी कुत्र्याला फिरवायला निघतो तेव्हा पट्टा गोठून काठीसारखा ताठ होतो, आणि कुत्रा पुढे, शेजारी मागे, फरशी पुसल्यासारखा तो त्याला ढकलत नेतो. मी स्वतः पाहिलंय. म्हणजे जवळजवळ.

तेव्हा या लेखात जिथं हसू येईल तिथले दहातले सात भाग खुशाल वजा करा. पण मला ल्युकेमिया झाला होता, हे वाढवलेलं नाही. मी बरी झाले, हेही नाही. ज्यांना तो शब्द आत्ता नव्यानं ऐकवलाय त्यांच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. बरं झाल्यावर आपण काय करतो, तेही आजारपणातच धरायला हवं, असं मला आता वाटतं. म्हणून तेही लिहिते.

डाग

त्या नोव्हेंबरात माझ्या अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले. दंडावर एक, मांडीवर दोन, पोटावर एक हुबेहूब श्रीलंका. दुखत नव्हते. कुठे लागल्याचं आठवत नव्हतं. ऑफिसात कोणी विचारलं की मी सांगायची, "पार्किंग लॉटमध्ये मूसशी मारामारी झाली. तो हॉस्पिटलात आहे." मूस म्हणजे इथलं घोड्याएवढं हरीण. सगळे हसायचे. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, त्यावरही माझ्याकडे विनोद तयार होता. बेसमेंटमधून किचनपर्यंत येताना दोनदा बसावं लागायचं, तर मी म्हणायची, मध्ये एक धर्मशाळा बांधा रे कोणीतरी.

महेश, माझा नवरा, कमी बोलतो. "डॉक्टरला दाखव," एवढंच तो तीन आठवडे म्हणत राहिला. शेवटी फॅमिली डॉक्टरकडे सकाळी रक्त दिलं. संध्याकाळी साडेपाचला फोन आला. मी पोळ्या लाटत होते, महेश बाहेर ड्राइव्हवे शोव्हल करत होता, म्हणजे फावड्यानं बर्फ काढत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीला जा, आणि गाडी तू चालवू नकोस. मी विचारलं, "तव्यावरची पोळी उतरवू का तरी?" त्या हसल्या नाहीत.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरनं तो शब्द उच्चारला. प्रकार बरा होण्यासारखा आहे, पण उपचार आज सुरू करायचे, उद्या नाही, असं तो म्हणाला. मी महेशकडे वळून मराठीत म्हणाले, "हे पोरगं दहावी तरी झालंय का?" महेशनं माझा हात धरला. चारचौघांत त्यानं माझा हात धरायची ती पहिली वेळ, लग्नात गुरुजींनी धरायला लावला होता तो सोडून.

पाच आठवडे

हॉस्पिटलात दिवस पहाटे सुरू होतो. रक्त घेणारी बाई साडेपाचला यायची. ती इतकं रक्त न्यायची की तिच्या घरी नक्की टाकी असणार. सलाइनचा स्टँड चोवीस तास बरोबर, वॉशरूमलासुद्धा. महेशनंही लग्नानंतर माझी इतकी सोबत केली नसेल. जेवणात हिरवी जेली, दुसऱ्या दिवशी लाल जेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा हिरवी. केस गेले. तोंडात फोड आले. उलट्यांचं सांगत नाही, तुम्हाला कळतीलच, आणि माझ्याइतक्या होणारही नाहीत. माझा तो विक्रम आहे.

चांगलंही सांगते. ब्लँकेट गरम करायचं एक कपाट असतं तिथं. थंडी वाजते म्हणा, लगेच भाजलेल्या पापडासारखं गरम ब्लँकेट आणून टाकतात अंगावर. लाजू नका, दर तासाला मागा.

फ्लूमुळे लहान मुलांना वॉर्डात सोडत नव्हते. ईशा, माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. फोनवर तिनं विचारलं, "मॉम, आर यू गोइंग टू डाय?" त्या पोरीला मी आजवर हजार गोष्टी फुगवून सांगितल्या असतील. त्या दिवशी एक सुचेना. म्हटलं, "माहीत नाही गं बाळा." ती म्हणाली, "ओके. थँक्स फॉर नॉट मेकिंग अप समथिंग."

हे वाक्य मी पुढे विसरले. तेच तर झालं.

आई आल्या

माझ्या सासूबाईंना मी आई म्हणते. साताऱ्याहून पुण्याला जायचं तरी चार दिवस आधी बॅग भरणारी ही बाई तीन विमानं बदलून एकटी विनिपेगला उतरली. सामानात नऊ किलो मेतकूट. बरं, दोन किलो.

साताऱ्यात त्यांच्या मागे होत्या अक्का, त्यांची थोरली बहीण. दोघीही विधवा, घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. रोज दुपारचा चहा एकत्र, त्यात वर्षानुवर्षं खंड नाही. अक्कांचं हृदय तेव्हाच अधू झालं होतं. पण अक्काच आईंना म्हणाल्या होत्या, "सून आहे ती. जा आधी."

मला घरी सोडताना नर्सनं सगळ्यांना समोर बसवून बजावलं: अंगावर नवे डाग दिसले की लगेच फोन करायचा. आईंना इंग्रजी येत नाही, पण नर्सनं माझ्या दंडावर बोट ठेवून दाखवलं ते त्यांना कायमचं कळलं. दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू. सकाळी मला खिडकीपाशी उभी करायच्या. हात, पाय, पाठ, पोटऱ्या. "डाग नाही," असं स्वतःशीच म्हणायच्या आणि मगच चहाचं आधण ठेवायच्या. केमोच्या प्रत्येक फेरीत, मे महिन्यापर्यंत, एक दिवस चुकला नाही.

जूनमध्ये डॉक्टर म्हणाले, आजाराची खूण कुठेही नाही. त्यानंतरही तपासणी चालूच. एके सकाळी मी खेकसले, "आई, पुरे आता! मी काय बाजारातली म्हैस आहे, रोज उलटीपालटी करून बघायला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाचं आधण आधी ठेवलं. खिडकीकडे बघितलंही नाही.

खांब

बरं झाल्यावर सगळे तुम्हाला मिठाई देतात आणि आपापल्या कामाला लागतात. तुम्ही आरशासमोर उरता. माझे केस परत आले ते नारळाच्या शेंडीसारखे. औषधांनी तोंड डब्यासारखं गोल, आणि हातपाय ज्वारीची ताटं. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. महेश मला असा धरायचा जशी मी काचेची आहे आणि पावती हरवलीय. अंघोळ मी डोळे मिटून करायची. वर्षभर त्या अंगाला इतक्या जणांनी टोचलं, दाबलं, उलटवलं होतं की ते माझं आहे असं वाटतच नव्हतं.

वॉर्डात माझ्या शेजारच्या पलंगावर डोरीन होती. एकसष्ट वर्षांची, आयुष्यभर स्कूलबस चालवलेली. तिथं ती म्हणायची, इथून सुटले की पोल डान्स, तो बारमधला खांबावरचा नाच, शिकणार. मला वाटायचं, औषध बोलतंय. ऑगस्टमध्ये तिचा फोन. रंजनाचं तिनं रॅन केलं होतं. "रॅन, टू फॉर वन कूपन आहे. तू येतेयस."

कार्पेटच्या दुकानावर, लाकडी जिना चढून एक हॉल. छतापासून जमिनीपर्यंत आठ चकचकीत खांब. मी गेले सलवार-कमीज घालून. शिकवणारी ट्रेसी म्हणाली, कापड घसरतं, पकड कातडीची असते, पाय उघडे पाहिजेत. मी म्हटलं, आमच्यात चालत नाही. आणि खांबाला मिठी मारून पाय उचलले. इतक्या वेगानं खाली आले की खालच्या कार्पेटवाल्याला वाटलं असेल, गिऱ्हाईक छतातून आलं.

पुढच्या वेळी चड्डी घालून गेले. सातवीनंतर पहिल्यांदा माझ्या मांड्यांनी उजेड पाहिला. कोणी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण आजार शोधायला नाही. एकीच्या पोटावर सिझेरियनची खूण, डोरीनच्या छातीवर केमोच्या नळीचा व्रण, एकीचं वजन माझ्या दुप्पट आणि तीच सगळ्यांत वर चढायची. पाचव्या आठवड्यात मी दोन्ही पायांनी खांब आवळून हात सोडले आणि वर राहिले. चार मिनिटं, असं लिहिणार होते. चार सेकंद. पण ते चार सेकंद माझं वजन माझ्याच अंगानं पेललं होतं. मी खाली उतरून भोकाड पसरलं. डोरीनही रडली, तिला काय झालं होतं कोण जाणे.

आता डागांचं. खांब कातडीला चिमटे काढतो. नडगीवर, गुडघ्यामागे, मांडीच्या आतल्या बाजूला, पावलावर काळंनिळं होतं. ट्रेसी त्यांना 'पोल किसेस', खांबाचे मुके, म्हणायची. क्लास सुरू करण्याआधी मी क्लिनिकमध्ये विचारलं होतं. नर्सनं रक्ताचे आकडे बघून परवानगी दिली, आणि म्हणाली, "मात्र डाग कशाचे ते घरी सांगून ठेव हं." मी म्हटलं, "शुअर, शुअर."

घरी मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मंगळवार-शनिवारसमोर 'पी.टी.' लिहिलं. महेशला वाटलं फिजिओथेरपी. आईंना वाटलं शाळेतल्या कवायतीसारखं काहीतरी. मी मनात म्हणायची, पोल ट्रेनिंग. खोटं कुठं बोलले? मल्लखांब म्हणूनही खपवता आलं असतं, पण महेशचे काका मल्लखांब करायचे, आईंनी लगेच विचारलं असतं, उस्ताद कोण? इथं मराठी घरं पंधरा. एका घरात शिंकलं की चौदा घरांतून काढ्याचे फोन येतात. मंडळी काय म्हणतील, हे एक कारण. दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं: मला एक गोष्ट फक्त माझी हवी होती. सगळं जगाला ओरडून सांगणाऱ्या बाईनं नेमकी तीच गोष्ट पोटात ठेवली.

अभ्यंगस्नान

दिवाळी आली ऑक्टोबरमध्ये. आई म्हणाल्या, "दुखण्यातून उठल्यावरची पहिली दिवाळी. तेल मी लावणार." पहाटे उठवलं. बाथटबमध्ये पाट ठेवला, वाटीत कोमट तेल, उटणं. मी डोळे अर्धवट मिटून पाटावर बसले आणि झोपेत गाऊन गुडघ्यांच्या वर घेतला.

आईंचा हात पाठीवरून, खांद्यांवरून, पोटऱ्यांवर आला आणि थांबला.

मला जाग आली ती त्या थांबण्यानं. खाली बघितलं तर नडगीवर तीन डाग, गुडघ्यामागे पिवळा पडत चाललेला एक, मांडीवर ताजा, जांभळा. आणि मी, जन्मभर थापा मारण्याचा सराव असलेली मी, पटकन म्हणाले, "शोव्हल करताना लागलं."

आई म्हणाल्या, "हं." आणि पुन्हा तेल लावायला लागल्या. फार हळू.

त्या दिवसापर्यंत त्या हिवाळ्यातला शोव्हल करण्याजोगा बर्फ पडलाच नव्हता. फावडं गराजमध्ये लॉनमोअरच्या मागे होतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. आईंना सुचलं. मला फक्त एवढंच वाटलं की वाचले.

"थंडी बघून जाते"

आईंचं परतीचं तिकीट दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी होतं. अक्कांची तब्येत खालावत होती. त्यांची मुलगी सुलूताई, म्हणजे महेशची थोरली मावसबहीण, दर रविवारी फोन करून म्हणायची, "मावशी, लवकर ये गं. आई तुझ्या नावानं चहाचा कप मांडून ठेवते."

पाडव्याला जेवताना आई महेशला म्हणाल्या, "माझं तिकीट पुढं ढकल."

"का?"

"इथली थंडी बघून जाते."

महेश घास हातात धरून बसला. "आई, फ्रिज उघडला तरी तू शाल घेतेस."

"ढकल म्हटलं ना."

"आणि अक्कामावशी?"

"तिला कळतं," आई म्हणाल्या, आणि माझ्या पानात आणखी तूप वाढलं.

मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला बरं वाटलं. गरम पोळ्या मिळणार, ईशाला शाळेतून आल्यावर कोणी असणार, आणि मला निवांत क्लासला जाता येणार. डोरीनला मी ऐटीत सांगितलंही, "सासूचा जीव जडलाय माझ्यावर, इंडियाला जायलाच तयार नाही."

मग घरात गंमत सुरू झाली. म्हणजे मला ती गंमत वाटत होती. सकाळी बीटचा रस, अकराला खजूर, दुपारी अळीव. माझं इतकं रक्त वाढलं असेल की टाकीवाल्या बाईनं बघितलं असतं तर टँकर पाठवला असता. बर्फ पडला तेव्हा मी उठायच्या आत आईंनी अर्धा ड्राइव्हवे शोव्हल केलेला. नऊवारीवर महेशचा जाडजूड पार्का कोट, पायात ईशाचे बूट. मी फोटो काढला आणि सगळ्यांना ईमेल केला. 'पी.टी.'च्या दिवशी त्या मी परत येईपर्यंत जेवायच्या नाहीत. म्हणायच्या, "भूक नाही." ईशा एकदा म्हणाली, "मॉम, आजी डझन्ट ईट ऑन ट्यूज्डेज." मी म्हटलं, उपास असेल कसला तरी.

त्या महिन्यात मी खांबाच्या अगदी टोकापर्यंत पोचले. छताला हात लावला. घरी येऊन खिचडी खाल्ली. आई समोर बसून मी घास कसे घेते ते बघत होत्या.

अक्का

डिसेंबरात एका सकाळी साडेआठला साताऱ्याहून फोन आला. महेशनं घेतला. तो आईंकडे वळला, आणि आईंना कळलं, अक्का गेल्या. त्या बेसमेंटच्या जिन्यावर, वरून दुसऱ्या पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले. महेश फोन घेऊन बेडरूममध्ये गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझा रिपोर्ट कधी आहे?"

"कुठला रिपोर्ट, आई?"

"आता नको लपवूस. दिवाळीला तेल लावताना बघितलंय मी. ते परत आलंय ना? मंगळवारी, शनिवारी सुया घ्यायला जातेस. सणासुदीला कोणाला कळू नये म्हणून बोलली नसशील. मीही नाही बोलले. महेशला झेपलं नसतं." मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हणून तर राहिले. अक्काला म्हटलं, तू थांब, पोरीला माझी गरज आहे."

माझ्या तोंडाला कधी कुलूप लागत नाही. तरी त्या पायरीवर जे बाहेर पडलं ते एवढंच: "आई, ते खांबाचे डाग आहेत."

"कसला खांब?"

मी सांगितलं. कार्पेटचं दुकान, चड्डी, ट्रेसी, चार सेकंद. ऐकताना माझंच मला किळसवाणं वाटत होतं. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं.

"म्हणजे रक्तात काही नाही?"

"काही नाही. महिन्यापूर्वीच तपासलं. सगळं चांगलं आहे."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. खरोखर जोडले, त्यांना आनंद झाला होता. बहीण गेली त्याच सकाळी, मी जगणार म्हणून. मग त्या उठल्या, वॉशरूममध्ये गेल्या, दार लावलं आणि नळ पूर्ण सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं.

ईशा पायजम्यात जिन्याच्या वर उभी होती. "मॉम," ती म्हणाली, "व्हॉट डिड यू डू?"

त्याच दुपारी आईंनी सुलूताईला फोन केला. मी ऐकत होते. "गुडघे धरले गं माझे," आई म्हणाल्या. "विमानात बसवेना." पलीकडून सुलूताईचा आवाज मलाही ऐकू आला, "गुडघे? बर्फात फावडं मारतानाचा फोटो आलाय, मावशी, आमच्याकडे. आई डोळे लावून बसली होती." फोन बंद झाला. तो फोटो मीच पाठवला होता.

मी म्हटलं, "आई, मी सांगते त्यांना खरं."

"काय सांगशील? सून खांबाला लटकत होती म्हणून बहीण आली नाही? त्यांच्या दुःखात हसं कशाला करायचं. आणि तुझं नाव घालवायचं. गप्प बस."

मी गप्प बसले. इतर वेळी कोणाचं ऐकत नाही मी, तेवढं बरं ऐकलं. खोटं बोलायला शाळेच्या बाईंसमोरही घाबरणारी ती बाई माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी ते वापरलं.

वाया घालवू नकोस

मी क्लास सोडला. दोन आठवडे गेले. एका मंगळवारी आई म्हणाल्या, "आज पी.टी. नाही का?"

"सोडलं मी, आई."

त्या कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा. एवढं महाग पडलंय. आता वाया घालवू नकोस."

मी गेले. अजून जाते. महेशला सांगितलं तेव्हा तो दोन दिवस बोलला नाही. म्हणजे नेहमीपेक्षा एक दिवस जास्त. पंधरा घरांनाही कळलं, चौदा फोन आले, आणि त्यातल्या दोघी आता माझ्या मागच्या खांबावर असतात. माझे दंड बघाल तर घाबराल. लोणच्याच्या बरण्या मी आता शेजारपाजारच्यांच्याही उघडून देते. आरशात मी स्वतःकडे बघते. हे सगळं खरं आहे, आणि आजारातून उठणाऱ्या प्रत्येकीला मी सांगेन की अंगाला पुन्हा काहीतरी करायला लावा, अंग ओळख देतं. पण वर चढताना प्रत्येक वेळी मला तो मांडून ठेवलेला चहाचा कप दिसतो. त्यात वाढवलेलं काही नाही.

वसंतात आई साताऱ्याला गेल्या. सुलूताई भेटायला आली नाही. वर्षश्राद्धाला बोलावणं नाही. सुलूताईच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका गल्लीतल्या सगळ्यांना गेली, आईंना नाही. "बहिणीपेक्षा कॅनडा प्यारा झाला," असं लोक म्हणतात, हे मला आईंनी नाही, दुसऱ्यांनीच सांगितलं. तीन वर्षं हे चाललं आणि मी खांबावर चढत राहिले.

यंदा आई पुन्हा इथं आल्यात. मी या लेखाचा पहिला खर्डा लिहून त्यांना वाचायला दिला. त्यात मूस होता, जेली होती, डोरीन होती, दिवाळी नव्हती. चष्मा लावून त्यांनी सगळा वाचला, दोन ठिकाणी हसल्या. कागद परत देताना म्हणाल्या, "चांगलं लिहिलंयस." मग जरा थांबून, "यात अक्का कुठं नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात, गप्प बस."

"हो. म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, आणि मेथी निवडायला बसल्या.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. तुमच्या अंगावर काय चाललंय ते घरच्यांना माहीत नसतं, आणि त्यांनी जे बघितलंय ते विसरायला त्यांना तुमच्याइतकं लवकर जमत नाही. बरं झाल्यावरही सांगत राहा. क्षुल्लक असलं तरी. लाजिरवाणं असलं तर आधी सांगा.

रविवारी सकाळी मी साताऱ्याला फोन लावला. सुलूताईनं उचलला. माझा आवाज ओळखून म्हणाली, "बोल." थंड. मी एकही विनोद न करता सगळं सांगितलं. डाग, तेल, मी मारलेली थाप, न पडलेला बर्फ.

"खांब?" ती म्हणाली.

"हो, सुलूताई."

"आणि मावशी समजली तू मरायला टेकलीस."

"हो."

"आणि तीन वर्षं हे तू मला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

ती रडत होती की संतापली होती, मला कळेना. मग म्हणाली, "रंजना, आई शेवटच्या दिवशी सारखी विचारत होती, आली का. मी तिला सांगितलं, मावशी पुण्याला उतरलीय, गाडीत बसलीय, खंबाटकी घाटापर्यंत आली. ती दाराकडे तोंड करून पडली. तशीच गेली. मला वाटायचं, मी आईला फसवलं, आणि ते मावशीनं करायला लावलं. तिचा राग राग केला मी." मग तिनं विचारलं, "मावशी आहे का तिथं?"

"आहे."

"दे तिला."

आई किचनच्या टेबलापाशी होत्या. मी म्हटलं, "सुलूताईचा फोन आहे." त्यांनी हात पदराला पुसले, दोनदा, आणि फोन कानाला लावला. दुसऱ्याचं बोलणं ऐकायची संधी मी जन्मात सोडलेली नाही. त्या दिवशी मी किचनमधून बाहेर पडले. दार ओढून घेताना "सुले" एवढाच शब्द ऐकू आला, आणि त्यापुढे काहीच नाही. आई ऐकत होत्या.